बोर्डांमधल्या पट्ट्या

९ नोव्हेंबर

ति. आबा यांस नमस्कार.

आज सकाळी कचेरीत गेलो. नव्या जलवाहिनीचा नकाशा पूर्ण करून साहेबांकडे दिला. डबा नेला नव्हता, म्हणून दुपारी चहावर भागवले. येताना हॉस्पिटलमधून ती गेल्यावर राहिलेले तिचे कागद घेतले. घरी आलो तर तिचे कामाचे बूट अजून पायरीवरच होते, ते आत घेतले. उलटे करून झटकले तेव्हा गव्हाच्या काडाचा भुसा पडला. तो झाडून टाकला.

तुम्ही फोन उचलत नाही. घरच्या फोनवरून बऱ्याचदा करून पाहिला. म्हणून लिहितो.

तुमच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये काडाचा भुसा गोंदात दाबून बोर्ड काढायचा तिचा प्रेस आहे, काड दळायची चक्की आहे आणि तिने शेवटी काढलेले बोर्ड आहेत. वाचनालयाच्या बाई परवा घरी आल्या होत्या. मुलांच्या खोलीतल्या शेल्फांचे काम अर्धे राहिले आहे. त्या म्हणाल्या, तुम्हाला जमणार नसेल तर आम्ही लोखंडी शेल्फं घेऊ, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मी त्यांना सांगितले की शेल्फं तिच्याच बोर्डांची होतील. जानेवारी संपेपर्यंत थांबायला त्या तयार आहेत.

बोर्ड काढणे मला येत नाही. प्रेसवर तिच्याबरोबर काम करणाऱ्या मावशींनाही सगळे येत नाही. म्हणजे जे बोर्ड आहेत तेवढेच आहेत. ते कापून जोडायचे काम मी आणि मावशी रविवारी करू. तोपर्यंत शेड आहे तशी राहू द्यावी, ही विनंती. बोर्डांना हात लावू नये.

तुमचा जावई

१४ नोव्हेंबर

जावईबापूंस,

पत्र मिळालं. विनंती म्हणून सुरुवात केलीत आणि शेवटी हुकूम सोडलात. शेड माझी, जागा माझी, आणि हात कुठे लावायचा ते तुम्ही कचेरीत बसून ठरवणार.

फोनचं म्हणाल तर मी उचलणार नाही. कारण विचारू नका. सांगायचं ते लिहून सांगा.

माझा जन्म लाकडात गेला. दारं केली, पलंग केले, जिने केले. तीस वर्षांपूर्वी बसवलेलं दार आजही एका बोटाने लागतं, म्हणून लोक मिस्त्री म्हणतात. आणि माझ्याच शेडमध्ये माझ्याच पोरीने गुरांच्या पुढ्यातलं काड उचलून कपाटं करायला घेतली. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, 'काय मिस्त्री, तुमच्याकडची कपाटं म्हणे बकरी खाते?' मी हसून पुढे जायचो. एक सल्ला देतो, फुकट आहे. वाचनालयात शेल्फं लावाल तेव्हा दाराला फाटकही लावा. नाहीतर पुस्तकं राहतील आणि शेल्फं जातील.

आता गोंदाचं. तापलेल्या प्रेसची ती वाफ दिवसभर तिच्या नाकातोंडात जायची. छातीचं दुखणं तिथूनच आलं. डॉक्टर काहीही सांगोत. आणि तुम्ही तिला रोज सकाळी स्कूटरवर बसवून तिथे सोडायला यायचात. मी माझ्या डोळ्यांनी बघायचो.

महिनाअखेर शेड मोकळी पाहिजे. माझं लाकूड यायचंय.

तुमच्या बायकोचा बाप

१८ नोव्हेंबर

ति. आबा यांस,

गोंदाबद्दल आधी लिहितो. डोळ्यांना झोंबतो तो स्वस्त गोंद तिने कधी वापरला नाही. काडाच्या अंगावर मेणासारखा थर असतो, त्यावर तो नीट धरतही नाही. तिने दुसरा आणला, खिडक्या मोठ्या करून घेतल्या आणि पंखा बसवला. खिडक्या वाढवताना भिंत तुमची म्हणून तिने तुम्हाला विचारले होते. तुम्ही 'काय करायचं ते करा' म्हणालात. हृदयातला दोष जन्मापासूनचा होता, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात. तुम्ही ऐकले. मी तुमच्याकडे बघत होतो.

मी तिला रोज सोडायला येत असे, हे खरे आहे. तिला चढ चढायचा नसे म्हणून येत असे.

बकरीचा विनोद आमच्या घरीही पोचला होता. ती हसली होती. मी हसलो नव्हतो.

तुमचे लाकूड तोडून आणावे लागते. ती वापरायची ते काड शेतकरी कापणीनंतर शेतातच पेटवून देतात. त्या धुरात आम्ही दोघे एकदा रस्त्यात अडकलो होतो, गाडी बाजूला घेऊन थांबावे लागले. घरी आल्यावर ती म्हणाली, एवढं जाळतात त्यात एका गावाच्या भिंती उभ्या राहतील. तिथून हे सुरू झाले. तुमचा धंदा बुडवायला नाही.

कामाच्या त्या सगळ्या काळात तुम्ही शेडमध्ये एकदा आलात. तेही दारात, नाकाला रुमाल लावून. त्या दिवशी तिने पहिला धड बोर्ड काढला होता, पोटातून न फुटलेला. तुम्ही तो पाहिलात आणि 'चहा घेतला का' एवढे विचारून गेलात. मला तुमचा राग आला. ती म्हणाली, 'आबांना मी ओळखते. आज नाही, पण एक दिवस येतील आणि गुपचूप रंधा लावून बघतील. हात शिवशिवतो त्यांचा.' ते काही झाले नाही.

शेल्फं होईपर्यंत शेड मोकळी होणार नाही.

तुमचा जावई

२४ नोव्हेंबर

जावईबापूंस,

पोरगी काय म्हणाली ते मला तुमच्याकडून कळायची वेळ आली, हेही बरंच झालं.

ती पाच वर्षांची असताना मी तिला रंधा धरायला शिकवलं. स्टुलावर उभी करून. तिच्याइतका हलका हात माझ्याकडे पगारी कामाला असलेल्या एकाचाही नव्हता. लाकडावर नुसता तळवा फिरवून सांगायची, आबा, इथे उंच आहे. माझ्या बाकाशेजारी तिचा बाक होता. तो अजून आहे. त्यावर मी कुणाला काम करू दिलेलं नाही. ती ते सोडून गवताच्या मागे लागली तेव्हा तुम्ही काय केलंत? नकाशा काढून दिलात. शेडचा नकाशा, प्रेसचा नकाशा, कपाटांचा नकाशा. तुम्हाला रेघा मारायला मिळाल्या, बास. बायको पोती उचलते आहे, धापा टाकते आहे, हे रेघेत दिसत नसतं.

मी दारातून परत गेलो, कारण ती धापा टाकत होती. बोर्ड मी पाहिलाच नाही.

मुदत तीच. महिनाअखेर.

३ डिसेंबर

आबा,

काल मावशी माझ्या कचेरीत आल्या होत्या. त्या कधी येत नाहीत. चपला बाहेर काढून आत आल्या, साहेब बघतच राहिले. म्हणाल्या, 'आबांनी सगळे बोर्ड बाहेर काढून ठेवलेत. उघड्यावर. पाच-सहा दिवस झाले. रोज पहाटे धुकं पडतंय. मला वाटलं तुम्हाला विचारून केलं असेल.'

त्या सोबत एक तुकडा घेऊन आल्या होत्या. कडेचा. मी त्यावर पट्टी ठेवून मोजला. कडा फुगून जवळजवळ दीडपट झाली आहे, हाताने दाबली तर भुसा होऊन गळते.

लाकूड पाणी पिते आणि परत देते. हा बोर्ड देत नाही. एकदा फुगला की फुगला. उघड्या कडेला साधे दव लागले तरी पुरते. म्हणून ती ते बंद शेडमध्ये, एकावर एक दाबून, आडवे ठेवायची.

मी लिहिले होते की हात लावू नये. तुम्ही महिनाअखेर म्हणालात आणि महिनाअखेर करून दाखवलेत. तुमचा शब्द पाळलात, अभिनंदन. तिने वाचनालयाला दिलेला शब्द तेवढा राहिला.

तिच्या हातचे बोर्ड तेवढेच उरले होते. तुमच्याकडे तिने केलेला एखादा पाट असेल, स्टूल असेल. माझ्याकडे कपाटातले कपडे आहेत, एक टेबल आहे आणि ते बोर्ड होते. तुम्हाला ते नको होते तर मला सांगायचे. मी कचेरीच्या जिन्याखाली ठेवले असते, माझ्या पलंगावर ठेवले असते. तुम्ही ते रद्दीसारखे अंगणात काढलेत. ती असताना तुमच्या कारखान्यात तिच्या कामाला जागा नव्हती, ती गेल्यावरही नाही. मी तुमच्या दारात पुन्हा येणार नाही. प्रेस भंगारात घाला.

९ डिसेंबर

बोर्ड आत घेतले. शेडची किल्ली मावशींकडे दिली आहे.

प्रेस तिथेच आहे. भंगार तुम्ही म्हणालात, मी नाही.

१६ डिसेंबर

आबा,

येणार नाही असे लिहिले होते, तरी रविवारी आलो. तुम्ही नव्हतात. मावशी म्हणाल्या, एका घराच्या जिन्याचे काम सुरू आहे, तिकडे गेलात. बरे झाले. तुम्ही असता तर मी जे पाहिले ते पाहिले नसते, आपण नुसते भांडलो असतो.

काय खराब झाले ते मोजायला मी आलो होतो. शेडमध्ये बोर्ड बाहेर रचले होते तसेच आणून ठेवलेले होते. दोन बोर्डांच्या मध्ये लाकडी पट्ट्या होत्या. प्रत्येक दोन बोर्डांच्या मध्ये. मी पहिला बोर्ड उचलला तेव्हा पट्टी हातात आली. रंधा मारलेली होती. सगळ्या एका जाडीच्या होत्या आणि खालपासून वरपर्यंत एकीखाली एक, ओळंब्यात. मी रोज रेघा मारतो, मला रेघ कळते.

मग मी मागे गेलो. तुमच्या भिंतीच्या सावलीतला तो ओटा, जिथे तुमचे जुने, चांगले लाकूड वर्षानुवर्षे वाळत असते, तो रिकामा होता. त्यावर ठोकळे मांडलेले होते आणि वर उतरते छप्पर उभे केलेले होते, नवीन. आणि तुमचे लाकूड बाजूला गवतात पडले होते. त्यावर नुसते गोणपाट होते. आमच्या लग्नानंतर मी एकदा त्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा तुम्ही मला उठवले होते. तिथे माणसाने बसायचं नसतं, म्हणाला होतात.

मी मावशींना विचारले, हे लाकूड कोणी काढले? त्या म्हणाल्या, 'आबांनीच. दोन दिवस एकटेच काढत होते. मी हात लावायला गेले तर ओरडले.'

रद्दी कोणी अशी ठेवत नाही.

बोर्ड खराब झाले आहेत, ते होऊ नये ते झाले आहे, आणि मी जे लिहिले त्यातले काही मी खोडत नाही. पण तुम्ही हे का केलेत ते मला कळवा. तुम्ही एक फोन केला असता तर मी सांगितले असते. मीही पहिल्या पत्रात 'हात लावू नये' एवढेच लिहिले, का ते लिहिले नाही. तुम्हाला सांगून काय उपयोग, असे वाटले होते.

तुमचा जावई

२२ डिसेंबर

जावईबापूंस,

फळ्या जमिनीलगत, बंद खोलीत, एकीला एक चिकटवून ठेवल्या तर आतून काळ्या पडतात. वारा लागत नाही. बुरशी धरते, बाक येतो. हे माझ्याकडे नवीन आलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी सांगतो. महिनाअखेरीला शेडमध्ये गेलो तर पोरीचं काम तसं पडलेलं. मला वाटलं, तुम्हाला काय कळतंय, तुम्ही कागदवाले. आणि मावशीला काय कळतंय. कुणीतरी नीट रचायला पाहिजे होतं. रचलं. माझ्याकडे त्याहून चांगली जागा नाही.

मला वाटलं, जानेवारीपर्यंत वारा खाऊन कडक होतील. मग तुम्हाला बोलावून देईन. तोपर्यंत काही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. माझं काम कोणी सांगितलं म्हणून मी करत नाही.

मावशीने तुकडा दाखवला तेव्हा मी तो हातात घेऊन दाबला. त्यानंतर दोन दिवस कारखाना बंद ठेवला. तुमचं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. तुम्ही लिहिलंत त्याच्या दुप्पट मी स्वतःला बोललो होतो, त्यामुळे तुमचं फार लागलं नाही. पलंगावर ठेवले असते, ते तेवढं लागलं.

फोनचं. तुमच्या घरचा नंबर माझ्या फोनमध्ये तिच्या नावाने आहे. नाव म्हणजे 'पोरगी'. तिनेच घालून दिलं होतं, मला येत नाही. तुम्ही फोन करता तेव्हा पडद्यावर तेच येतं. उचलला की तुमचा आवाज येणार, हे मला माहीत असतं. वाजतो तेवढा वेळ मी बघत बसतो. तुम्हाला हे सांगायचं नव्हतं. एक फोन केला असता असं लिहिलंत म्हणून सांगितलं.

आता कामाचं. मी एक बोर्ड बाकावर घेतला. तिच्या बाकावर. फुगलेलं कडेचं चार बोटं आत गेलंय, चारही बाजूंनी. पुढे करवत लावली तर आतलं पक्कं आहे. रंधा लावून पाहिला. साल निघत नाही, नुसता भुगा निघतो. रंध्याचं पातं एका हातातच बोथट झालं. हे लाकूड नाही. पण स्क्रू मारला, पिळला, धरतो. त्यावर उभा राहून पाहिलं. माझं वजन तुम्हाला माहीत आहे.

चांगलं काम आहे, असं मी म्हणत नाही. सरळ आहे, एवढं म्हणतो. कुठेही उंच नाही. तळवा फिरवून पाहिला.

कडा काढल्यावर बोर्ड लहान होतात. तुमच्या नकाशातली शेल्फं त्यात बसणार नाहीत. नवीन मापं काढून पाठवा. कापून मी देतो, तुमच्या हातात करवत द्यायची माझी तयारी नाही. आणि उभे खांब माझ्या लाकडाचे लावीन. गवतात पडलेलं आहेच.

गोंदाचं लिहिलेलं मी मागे घेत नाही. ते मागे घेतलं तर जन्मापासूनचं उरतं. जन्म मी दिला.

ते बोर्ड बाहेर होते तेव्हा शेजारची बकरी खरंच आली होती. वास घेतला आणि गेली.

आबा

२८ डिसेंबर

ति. आबा यांस नमस्कार.

आज कचेरीला सुट्टी होती. सकाळी वाचनालयात जाऊन मुलांच्या खोलीची भिंत पुन्हा मोजली. बाईंना सांगितले की फळ्या आखूड होतील, खांब लाकडाचे येतील. त्या म्हणाल्या, मुलांचा हात पोचला म्हणजे झालं. मी लोखंडी शेल्फांचे विचारले नाही, त्यांनीही काढले नाही.

मापे सोबतच्या कागदावर आहेत. तुमच्या चार बोटांऐवजी मी पाच धरली आहेत, कडा पूर्ण निघाली पाहिजे. कापल्यावर उघड्या कडांना त्याच दिवशी वॉर्निश लावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. दोन हात लावा. ती तीन लावायची. बोर्ड एकावर एक, आडवे, बंद खोलीत. पट्ट्या नकोत, त्यांच्या फटींतून ओल आत जाते. हे या वेळी कारणासकट लिहितो आहे.

मीही माझे लिहिलेले मागे घेत नाही. तुम्ही विचारायला हवे होते. मीही तिच्या धापांकडे बघायला हवे होते, तुम्ही लिहिलेत तसे.

खांबांचे लाकूड गवतातून उचलून ओट्यावर ठेवा. भिजेल.

घरचा फोन आता बंद करून टाकणार होतो, एकट्याला काय करायचा. अर्जही लिहून ठेवला होता. तो फाडला. पुढच्या रविवारी निघताना मी रिंग देईन, म्हणजे तुम्हाला कळेल की मी येतो आहे. उचलू नका.

एक खांब अजून आखायचा राहिला आहे. ज्या टेबलावर लिहितो आहे ते तिच्या पहिल्या धड बोर्डाचे आहे, तुम्ही न पाहिलेल्या. पेन्सिल बोथट झाली आहे. टोक करून घेतो, सालं झाडतो आणि ती रेघ मारून कागद याच पाकिटात घालतो.

तुमचा जावई